लाल पिशवीतला कच्चा माल

सलाइन संपली की वॉर्डातल्या मावशी बाटली उतरवतात, नळी कापतात आणि दोन्ही लाल पिशवीत टाकतात. सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घालून दिलेली ही शिस्त. पिवळ्या पिशवीतला बराचसा कचरा भट्टीत जळतो. लाल पिशवीतले प्लॅस्टिक निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुनर्वापरासाठी द्यायचे असते. पण गर्दीच्या दिवशी हातमोजे, नळ्या, सिरिंज सगळेच पिवळ्यात कोंबले जाते आणि उत्तम प्रतीच्या पॉलिप्रॉपिलीनचा धूर होतो. अशा भट्टीचा धूर सोसणाऱ्या गोवंडीकरांना अखेर उच्च न्यायालयात जावे लागले.

जाळण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज आता सोडला पाहिजे. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमानाला, वाफेच्या साहाय्याने वैद्यकीय प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू तोडून दाखवले. त्यातून एथिलीन, प्रॉपिलीन अशी रसायने मिळतात. जंतू तर त्या उष्णतेत टिकतच नाहीत. एरवी वितळवून केलेल्या दाण्यांची बादली होते, पाइप होतो, पण सिरिंज होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कोरोनाकाळात पीपीई किटचे प्लॅस्टिक वाहनांच्या सुट्या भागांसाठी वापरण्याचा मार्ग दाखवला. ते काम मोलाचेच, पण तिथे माल एक पायरी खाली उतरतो. रेणूपर्यंत मोडलेल्या प्लॅस्टिकपासून मात्र कोऱ्याच्या तोडीचे प्लॅस्टिक घडवता येते.

आपल्यासाठी याचा आणखी एक अर्थ आहे. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीने कित्येक बळी घेतले. तपासात वापरलेल्या सिरिंजच पुन्हा वापरल्या जात असल्याचे आणि त्यांचा चोरटा व्यापार चालत असल्याचे उघड झाले. जी सिरिंज वायू होऊन गेली, ती धुऊन, पुडीत भरून कोणालाही विकता येणार नाही.

अडचणी आहेत. नळ्या आणि लघवीच्या पिशव्या बहुतेक पीव्हीसीच्या. त्यातल्या क्लोरिनचे आम्ल यंत्रसामग्री खाऊन टाकते. म्हणून पीव्हीसी वेगळे काढावे लागेल, आणि रुग्णालयांनी खरेदीपासूनच ते कमी करायला हवे. शिवाय, प्लॅस्टिकचे तेल करून बॉयलरमध्ये जाळण्याला पुनर्वापर म्हणू देता कामा नये. तो पुन्हा धूरच.

नागोठण्यात एथिलीनचा मोठा कारखाना आहे, पुण्यात संशोधक आहेत, मुंबईत कचरा आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने या तिघांना एकत्र आणून एक प्रायोगिक प्रकल्प उभारावा आणि त्याच्या उत्सर्जनाचे आकडे लोकांसमोर ठेवावेत. आज अनेक ठिकाणी रुग्णालये कचऱ्यासाठी खाटेमागे ठरलेले पैसे भरतात. नीट वर्गीकरण करा अथवा करू नका, बिल तेवढेच. स्वच्छ वेगळ्या केलेल्या लाल पिशवीला सवलत आणि भेसळीला दंड, एवढा बदल तर प्रकल्पाची वाट न पाहताही करता येईल.