सुरतकर मराठी मंडळींना जाहीर आवाहन: पाव्हण्यांना साडी मार्केटमधून बाहेर काढा!

महाराष्ट्रातून निघणाऱ्या एका गुजरात सहलीचे छापील पत्रक दिवाळीच्या तोंडावर उधन्यातल्या एका मराठी मंडळाच्या बैठकीत फिरले. पाच दिवसांच्या सहलीत सुरतेच्या वाट्याला एकच ओळ होती: दुपारचे जेवण, साडीखरेदी, पुढे केवडियाकडे प्रस्थान. संताप त्या ओळीचा आला नाही. बैठकीतल्या निम्म्या लोकांनी ती वाचून मान डोलावली, त्याचा आला. एक ज्येष्ठ सभासद तर आपल्या अहिराणीत म्हणाले, "खरंच, सुरतमा देखाले काय शे?"

हे आवाहन त्या प्रश्नाला उत्तर म्हणून काढले आहे, आणि ते थोडे रागातच काढले आहे.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या. लूम चालवले, साड्यांच्या घड्या घातल्या, घरे बांधली, गणपती बसवले, कानबाईचे रोट केले. पण गावाकडून बहीण-मेव्हणे आले की सगळी वरात आधी टेक्स्टाइल मार्केटला, मग मॉलला, फारच उत्साह असेल तर संध्याकाळी डुमसला भजी खायला. तिसऱ्या दिवशी पाव्हणे जळगावच्या गाडीत बसतात आणि घरी जाऊन सांगतात की सुरत म्हणजे नुसता धूर आणि गर्दी. त्यांना दुसरे काही दाखवलेच नाही, तर ते तरी काय सांगणार?

खान्देशच्या माणसाला तर हे मुळीच शोभत नाही. तापी त्याची घरची नदी. मुलताईला उगम पावून ती चांगदेवला पूर्णेला भेटते, भुसावळवरून मुडावदला येऊन पांझरा पोटात घेते, प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणवून घेते, उकाईच्या धरणात थांबते आणि मग सुरतेला वळसा घालून समुद्रात जाते. एकूण 724 किलोमीटर. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतकर तिचा वाढदिवस करतात, या काठापासून त्या काठापर्यंत साडी नेसवतात. त्या दिवशी घाटावर मराठी माणूस फारसा दिसत नाही. प्रकाशाच्या यात्रेला मात्र तोच माणूस रजा टाकून जातो.

आता किल्ल्याकडे. शिवजयंतीला सुरतेच्या रस्त्यांवर भगवे झेंडे लागतात, ढोल वाजतात, 1664 च्या सुरत स्वारीवर भाषणे होतात. भाषण करणाऱ्यांपैकी किती जण चौक बाजारातल्या किल्ल्यात पाऊल टाकून आले आहेत, हे एकदा हात वर करून सांगावे. हाच तो किल्ला. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमाने खुदावंद खानाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो तापीच्या अगदी काठाला उभा केला, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज आले तेव्हा मोगलांचा इथला अंमलदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच भिंतींच्या आड लपला होता. शहराला तेव्हा पक्का तटही नव्हता, तो पुढे बांधला गेला. महापालिकेने अलीकडे किल्ल्याची डागडुजी करून आत दालने मांडली आहेत. बुरुजावरून तापी दिसते, पूल दिसतो. तिकीट काढावे, मुलांना बरोबर न्यावे आणि इनायतखान कुठे लपला असेल ते त्यांनाच शोधायला सांगावे.

त्या स्वारीची दुसरी बाजू कतारगाम दरवाजाजवळ आहे, आणि तिथे तर कोणीच फिरकत नाही. इंग्रजांची जुनी दफनभूमी. लूट चालू असताना जॉर्ज ऑक्सेंडन नावाच्या इंग्रज वखारप्रमुखाने मूठभर माणसांनिशी आपली वखार लढवून राखली, त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा गौरव केला. 1669 मध्ये तो सुरतेतच मेला. त्याची कबर पाहिली की चर्चच्या अंगणातल्या साध्या दगडाची कल्पना डोक्यातून जाते. ही दुमजली, घुमटांची, कोपऱ्यांना जाडजूड खांब असलेली इमारत आहे. भाऊ ख्रिस्तोफर 1659 मध्ये गेला होता, त्याची छोटी घुमटी आत आहे आणि जॉर्जची ही मोठी वास्तू तिच्यावर चढवली आहे. बाजूने जिना वर जातो, सज्जे आहेत आणि अगदी माथ्यावर क्रुसाच्या आकाराची उघडी कमान. मोगल उमरावांच्या कबरींशी बरोबरी करायची, आम्हीही इथले बडे आहोत हे दाखवायचे, असा सगळा थाट. व्यापाऱ्यांचा हा तोरा चुनेगच्चीत इतका स्पष्ट वाचता येईल अशी जागा देशात थोडी असेल. महाराजांपुढे न नमलेला इंग्रज इथे पुरला आहे, एवढे जरी दहावीच्या पोराला सांगितले तरी त्याचे कान टवकारतात.

जवळच डचांची आणि आर्मेनियनांची दफनभूमी. डचांतली सगळ्यात भव्य कबर हेंड्रिक व्हान रीड याची. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ त्याने सिद्ध केला. 1691 च्या डिसेंबरात मुंबईच्या समुद्रात जहाजावर तो वारला आणि सुरतेत आणून पुरला गेला. त्या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. त्यांची कोकणीतली साक्ष पहिल्याच खंडात नागरी अक्षरांत छापली आहे, तीही सतराव्या शतकात, ॲमस्टरडॅमला. गोवा-सिंधुदुर्गकडची जी मंडळी सुरतेत नोकरीला आहेत त्यांनी निदान या एका कबरीपाशी तरी जाऊन यावे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली जागा आहे. भिंतीवर बदाम आणि नावे कोरण्यासाठी ती नाही, हेही सांगावे लागते याची लाज वाटते.

मुगलीसरा तर सगळ्यांना ठाऊक आहे, कारण घरपट्टीचे काम तिथेच असते. पण महापालिकेची ती मुख्य इमारत 1644 मध्ये शाहजहानच्या काळात बांधलेली सराई आहे, हे रांगेत उभ्या असलेल्या कितीकांना माहीत आहे? हजला निघालेले यात्रेकरू इथे उतरत. पुढच्या वेळी पावती मिळेपर्यंत मोबाइलमधून मान वर करून कमानी पाहाव्यात, फुकट आहे.

आणि मराठी भाषेचे म्हणाल तर 1836 मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर याच शहरात शिक्षक होते. दुर्गाराम मेहतांच्या जोडीने त्यांनी 1844 मध्ये सुरतेत मानवधर्म सभा काढली, जातिभेद आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध. सुधारणेची ही चळवळ मराठी आणि गुजराती माणसांनी खांद्याला खांदा लावून सुरू केली, तीही सुरतेत, यावर एकही मराठी मंडळ व्याख्यान ठेवत नाही. ऑर्केस्ट्रा ठेवतात. आमलीरानमधले कवी नर्मदचे घर सोडा, पण डिसेंबर 1907 चे काँग्रेस अधिवेशन तरी? नागपूरला व्हायचे ते सुरतेला हलवले. टिळक बोलायला उभे राहिले, गोंधळ माजला, एक मराठी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. जहाल-मवाळ फुटले ते इथे.

तापी ओलांडून रांदेरला जाणे हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे आणि पोटाचाही. सुरतेच्या आधी बंदर म्हणून रांदेरचे नाव होते. तेराव्या शतकात अरब व्यापारी येऊन वसले, 1530 मध्ये पोर्तुगीजांनी गाव जाळले, तरी ते उठून उभे राहिले. पुढे इथली माणसे व्यापाराला रंगूनला गेली आणि येताना पैसा आणि चव दोन्ही घेऊन आली. लाकडी नक्षीच्या जुन्या हवेल्या, जुन्या मशिदी, जैन मंदिरे हे सगळे गल्ल्यांत चालत पाहायचे. गाडी घेऊन गेलात तर काही दिसणार नाही. संध्याकाळी खावसा आणि रंगूनी पराठा. आलूपुरी तर सुरतभर मिळते, पण ती रांदेरच्या गल्लीत उभ्याने खावी. हिवाळ्यात नदीकाठी पोंक मिळतो, कोवळ्या ज्वारीचा. खान्देशातून येणाऱ्याला हुरडा सांगायला नको, फक्त सोबतची लिंबू-मिरीची शेव नवी वाटेल.

समुद्राचे बोलायचे तर डुमसचे नाव काढताच मंडळाच्या कार्यकर्त्यांचा पारा चढतो. काळी वाळू, दरिया गणेशाचे देऊळ, टोमॅटोची भजी, कंदाची पुरी, सगळे झकास. पण भजी खाऊन झाल्यावर कागदी प्लेट कुठे जाते? 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळवला. 1994 च्या प्लेगमध्ये जे शहर सोडून लाखो लोक पळाले, त्याच शहराने ही मजल मारली आणि त्यात झाडू मारणारे हात मराठीही आहेत. मग रविवारच्या दुपारी किनाऱ्यावर प्लेटा उडवणारे हात कोणाचे? बंदी असताना वाळूत मोटारी घालायच्या, भरतीचे पाणी आले की चिखलात रुतायच्या, मग व्हिडिओ देशभर फिरतात. खंभातच्या आखाताची भरती कोकणातल्या लाटांसारखी वाजत-गाजत येत नाही, ती चिखलावरून चालत येते आणि आली की मागे फिरायला वेळ देत नाही. सुवालीच्या किनाऱ्यालाही तेच. तिथे तर पाण्यात उतरूच नये, पोहता येते म्हणणाऱ्याने तर अजिबात नाही.

सुवालीला मात्र जावे. 1612 च्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी याच किनाऱ्यासमोर पोर्तुगीजांना हरवले आणि पुढच्या वर्षी कंपनीला सुरतेत वखारीची परवानगी मिळाली. थॉमस रो 1615 मध्ये इथेच उतरला आणि जहांगीराच्या दरबारात गेला. पुढची सव्वातीनशेहून अधिक वर्षे कशी गेली ते सांगायला नको. आज तिथे उंटाची सवारी मिळते आणि मक्याचे कणीस.

ज्यांच्याकडे पूर्ण दिवस आहे त्यांनी दांडी करावी. दांडीयात्रेत पंडित नारायण मोरेश्वर खरे गांधीजींबरोबर भजने गात चालले होते. नाहीतर तापीकाठचे हरिपुरा, 1938 चे सुभाषबाबूंचे काँग्रेस अधिवेशन. हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो फेरीही आहे, 2020 पासून. मुलांना मोठ्या जहाजात बसवायला भावनगरपर्यंतचे निमित्त पुरे.

आक्षेप येणारच. म्हणे हा गुजरातचा इतिहास, आपला नाही. वर इतकी नावे वाचूनही ज्याला असे वाटते त्याच्याशी वाद घालण्यात मंडळ वेळ दवडणार नाही. म्हणे कबरी पाहणे अशुभ. ताजमहाल पाहून आल्यावर फोटो कोणी लावले होते? म्हणे स्वारीचा विषय काढला की गुजराती शेजाऱ्यांना वाईट वाटेल. किल्ल्याची दारे उघडून बसलेले त्यांचेच शहर आहे. एकच आक्षेप खरा आहे: लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याला वेळ कुठून मिळणार? म्हणूनच पुढची कामे मंडळांनी अंगावर घ्यायची आहेत, कामगाराने नव्हे.

प्रत्येक मराठी गणेश मंडळाने वर्गणीतून निदान दोन बसफेऱ्यांचा खर्च बाजूला काढावा, डीजेचा एक तास कमी झाला तरी बाप्पा रागावणार नाहीत. फेरी सुट्टीच्या दिवशी असावी, रात्रपाळीच्या माणसाला झोप काढून येता येईल अशा वेळी. मराठी माध्यमाच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना महिला मंडळांनी भेटावे आणि वॉटर पार्कच्या सहलीच्या जागी एक वर्ष तरी किल्ला व दफनभूमी ठेवायला सांगावे. शिवजयंतीच्या आदल्या रविवारी किल्ल्यात आणि ऑक्सेंडनच्या कबरीपाशी फेरी, हे तर सक्तीचेच समजावे. एका पानाचे मराठी माहितीपत्रक मंडळ छापून देईल, ते प्रत्येक घराने पाव्हण्यांच्या हातात ठेवावे आणि गावाकडच्या सहलवाल्यांनाही पाठवावे. डुमसला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने कचऱ्याची एक पिशवी घरून न्यावी आणि भरून परत आणावी. कानबाईच्या विसर्जनाला नारळ, फुले जातील, प्लास्टिकची सजावट आधी उतरवावी. महापालिकेकडे मराठी फलकांसाठी अर्ज करावा अशी सूचना आली होती, ती मंडळाने तूर्त बाजूला ठेवली. आधी आपण तिथे दिसायला लागू, मग मागू.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटले, शहराचा बराचसा भाग बुडाला, तेव्हा मराठी वस्त्यांतल्या पोरांनी ट्यूबवर भाकऱ्यांच्या पिशव्या बांधून गल्ल्यांत वाटल्या होत्या. कोणी पत्र पाठवून बोलावले नव्हते. त्या मानाने हे काम किरकोळ आहे आणि त्यात पायही फार भिजत नाहीत.

पहिली फेरी येत्या रविवारी. सकाळी नऊला चौक बाजारात किल्ल्याच्या बाहेर जमायचे, तिथून मुगलीसरा, मग कतारगाम दरवाजा, दुपारी रांदेर. लहान मुलांना टोपी, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, पायात चालण्याच्या चपला. जेवण ज्याचे त्याने, चहा मंडळाकडून. पाव्हणे घरी असतील तर त्यांना घेऊनच यावे. साडी मार्केट सोमवारी उघडे असते.