तेल काढायचे बूच

गेल्या जूनमध्ये माझा ट्रॅक्टर घरामागच्या चढावर अर्ध्यातच थांबला. इंजिन चालू होते, गवत कापणारी पाती फिरत होती, पेडल शेवटपर्यंत दाबलेले होते. चाके मात्र हलेनात. अर्धा तास सावलीत उभा ठेवला आणि पुन्हा चालू केला, तर मुकाट्याने चढला.

ट्रॅक्टर म्हटल्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे धूड डोळ्यांसमोर आणू नका. मी अमेरिकेत ओहायो राज्यात, गावाबाहेर राहतो. इथे घराभोवती एक-दोन एकर गवत असते आणि ते कापायला वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा गार्डन ट्रॅक्टर लागतो. त्याला क्लच नाही, गिअर नाहीत. पेडल पुढे दाबले की पुढे, मागे दाबले की मागे. ही किमया हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनची.

आत एक पंप असतो. त्याच्या गोल ब्लॉकमध्ये छोटे पिस्टन बसवलेले असतात आणि ते एका तिरप्या तबकडीवर टेकून फिरतात. पेडल दाबले की तबकडीचा कल वाढतो, पिस्टन जास्त आत-बाहेर होतात आणि जास्त तेल पुढच्या मोटरकडे ढकलतात. ती मोटर चाके फिरवते. तबकडी सपाट झाली की तेल थांबते, ट्रॅक्टरही थांबतो. उलटी कलली की ट्रॅक्टर मागे जातो. सगळी मदार धातूच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागांवर आणि त्यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरावर. तिथे ओरखडे पडले की दाबाखालचे तेल चाकाकडे न जाता मधूनच निसटते. फाटक्या मोटेसारखे: बैल तेवढाच जोर लावतात, पाणी मात्र विहिरीतच परत पडते. तेल तापून पातळ झाले की गळती आणखी वाढते. म्हणून असा ट्रॅक्टर थंड असताना चालतो आणि गरम झाला की बसतो.

दुकानदाराने ट्रॅक्टर उघडलासुद्धा नाही. म्हणाला, हे ट्रान्समिशन सीलबंद असते, आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतो. नवे ट्रान्समिशन आणि मजुरी मिळून साडेचौदाशे डॉलर. ट्रॅक्टर विकायला काढला तर हजारही येणार नाहीत. त्यानेच सुचवले, ‘त्यापेक्षा नवा घ्या.’ नवा अडीच हजारांच्या पुढे.

रात्री मिरजेला मामूंना फोन लावला. मामूंनी चाळीस वर्षे डिझेल इंजिने आणि ट्रॅक्टर उघडले. गवत कापायला ट्रॅक्टर लागतो हे ऐकून आधी पोटभर हसले. मग घरच्या दखनीत म्हणाले, ‘पैले बाहर का देख, बाद में अंदर जा.’ पट्टा बघितलास का? तेल बघितलेस का? गार करायला पंखा असेल, तो फिरतो का?

मी यातले काहीच बघितले नव्हते. आणि दुकानदारानेही नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरखाली शिरलो. पट्टा चकचकीत होऊन घसरत होता. ट्रान्समिशनवरच्या प्लॅस्टिकच्या पंख्याची तीन पाती तुटलेली होती आणि कवचावर वाळलेल्या गवताचा बोटभर जाड थर बसला होता. म्हणजे बिचाऱ्याला उन्हाळ्यात गोधडी पांघरून चालवत होतो. पट्टा आणि पंखा बदलला, थर खरवडला. साठ डॉलरच्या आत काम झाले. ट्रॅक्टर अर्ध्या तासाऐवजी तासभर चालू लागला, पण मग पुन्हा बसला. आता आत जाणे भाग होते.

आणि इथे माझी अडचण निराळीच निघाली. आतले तेल बदलायला खाली बूचच नव्हते. माहितीपुस्तिकेत लिहिले होते की तेल आयुष्यभर पुरेल असे आहे. कुणाच्या आयुष्यभर? जे तेल बदलता येत नाही त्याचे आयुष्य संपले की यंत्राचेही संपते, एवढाच त्याचा अर्थ. तेल काढायला ट्रान्समिशन पूर्ण सोडवून, चाके काढून, ते उलटे करावे लागले. बाहेर आले ते काळे, जळक्या वासाचे पाणी. आतल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल होता, झिजलेल्या धातूचा.

पंपाचा ब्लॉक हातात घेतला तेव्हा मामू व्हिडिओ कॉलवर होते. ‘नख फिरव. अडकतंय का?’ नख अडकत नव्हते. रेषा होत्या, खाचा नव्हत्या. खाच असती तर मामूंचा निकाल ठरलेला होता: टाकून दे, चढावर जिवाशी खेळ नको. ते बरोबरच आहे. अशा ट्रॅक्टरला उतारावर मुख्यतः ट्रान्समिशनच रोखून धरते. अर्धवट जमलेली दुरुस्ती पैसे वाचवत नाही, माणूस उलटवते.

मी ते दुरुस्त करायचे ठरवले. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेल लावून, ब्लॉकचा पृष्ठभाग घासला. नवी ऑइल सील, नवा फिल्टर, नवे तेल. मग मागची चाके उचलून पेडल पुढे-मागे करत आतली हवा काढली. सामानाचे १४० डॉलर आणि माझे तीन शनिवार.

या तीन शनिवारांचा हिशेब कुणी माझ्या पगाराच्या दराने मांडला तर मी तोट्यात आहे. ते मी नाकारत नाही. ज्याच्याकडे जागा नाही, हत्यारे नाहीत, मिरजेत मामू नाहीत, त्याने नवे ट्रान्समिशन घेतले तर त्याला उधळा म्हणायचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे एवढेच की दुरुस्त करायचे की बदलायचे, हा निर्णय उघडून बघितल्यानंतर मालकाने घ्यायचा असतो. इथे तो कारखान्यात बूच न बसवताच घेतला गेला होता. गार्डन ट्रॅक्टरात हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन १९६०च्या दशकात आले. त्या काळातले वजनदार ट्रॅक्टर अजून चालताना दिसतात. त्यांतल्या कित्येकांचा तेलाचा फिल्टर बाहेरून बदलता येतो. म्हणजे हे जमत नाही असे नाही.

कायदाही आता हळूहळू या दिशेला वळतो आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. १ जानेवारी २०२४पासून तिथे उत्पादकांना सुटे भाग, हत्यारे आणि माहिती शेतकऱ्याला व बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावी लागते. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि सुरुवातीच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती ठेवल्याने सीलबंद कवचाला बूच फुटत नाही. पुढचा प्रश्न रचनेचा आहे.

आपल्या समाजाने या प्रश्नाकडे जरा जवळून बघायला हवे. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही वाहनांची विक्री-दुरुस्ती या क्षेत्रात मुस्लीम कामगारांचे प्रमाण ठळक असल्याची नोंद आहे. अहवाल कशाला, आपल्या मोहल्ल्यात फेरी मारली तरी कळते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या किती पोरांना गॅरेजने उभे केले! तिथे ना ओळख लागली, ना शिफारस. बंद पडलेले यंत्र चालू करून दाखवले की झाले. उघडताच येणार नाही अशी यंत्रे येत गेली, तर जाईल ती केवळ मजुरी नसेल; उघडून बघण्याची, कारण शोधण्याची सवय जाईल. ‘बदलून टाका’ म्हणायला उस्ताद लागत नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर आपण बोलतो, बोललेच पाहिजे. त्याच यादीत ही मागणीही असू द्या: आमच्या हातात येणारे यंत्र उघडता आले पाहिजे.

कवच जोडण्याआधी मामूंनी शेवटचा सल्ला दिला. ‘रिकामं आहे तोवर खाली एक भोक पाड, आटे पाड आणि बूच बसव. पुढच्या वेळी उलटं करायला नको.’ भोक पाडताना हात थरथरत होता, पण बूच नीट बसले. चार डॉलरचे होते.

ट्रॅक्टर दीड तास चालतो, मागचा चढ चढतो. किती वर्षे चालेल, सांगता येत नाही. पण पुढच्या उन्हाळ्याआधी त्याचे तेल बदलायचे आहे, आणि आता ते बदलता येते.