पेटीतले पुस्तक आणि पुस्तकाची किंमत

रहस्यकथेचे एक पुस्तक, चहाची किंवा कोकोची पुडी, चॉकलेट, बिस्किटे, क्वचित मद्याची छोटी बाटली आणि हे सारे कथेच्या वातावरणाला साजेल असे मांडलेली देखणी पेटी! इंग्लंड-अमेरिकेत रुळलेला भेटवस्तूचा हा प्रकार थोड्याफार फरकाने आता आपल्याकडेही मिळू लागला आहे. वाचनाची गोडी लावणारा उपक्रम म्हणून त्याचे कौतुक होते. कौतुकास हरकत नाही. परंतु या पेटीत पुस्तकाचे नेमके स्थान कोणते, हे तपासणे अगत्याचे आहे.

कल्पना तशी नवी नाही. 1936 साली डेनिस व्हीटली यांनी ‘मर्डर ऑफ मायामी’ ही रहस्यकथा चौकशीच्या फायलीच्या रूपाने प्रसिद्ध केली. तीत तारा, छायाचित्रे, केस आणि जळकी काडीसुद्धा होती. पण त्या वस्तू म्हणजे पुरावा होता; त्यांच्यावाचून कथा पांगळी झाली असती. आजच्या पेटीतील चॉकलेटवाचून कथेचे काहीच अडत नाही. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधशाळेत काम केलेल्या अगाथा ख्रिस्ती यांनी 1945 च्या ‘स्पार्कलिंग सायनाइड’मध्ये शॅम्पेनमधूनच विष पाजले. त्यांच्या पुस्तकासोबत पेय भेट देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला मात्र दाद दिली पाहिजे.

वस्तुतः रहस्यकथेचा खरा पराक्रम तिच्या स्वस्ताईत आहे. इंग्लंडमध्ये नव्या कादंबरीला साडेसात शिलिंग पडत असताना 1935 साली पेंग्विनने सहा पेन्सांत पुस्तके बाजारात आणली. त्या पहिल्या दहांत ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स या दोघींच्या रहस्यकथा होत्या. दहा सिगारेटींच्या किमतीत कारकुनालाही पुस्तक स्वतःचे करता आले. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि अल्पशिक्षितांनाही वाचनाचे वेड लावले. तो वाचक पुस्तकाकडे खाऊच्या आमिषाने आला नव्हता. पुढे काय होणार, या उत्कंठेने आला होता.

पेटीचे अर्थशास्त्र याच्या नेमके उलट आहे. अनेक वस्तू एकाच किमतीत बांधल्या की प्रत्येकीची स्वतंत्र किंमत ग्राहकाच्या नजरेआड होते. पुस्तकावर किंमत छापलेली असते, वेष्टन आणि कल्पकतेवर ती नसते. नफ्याला वाव तिथेच असतो. त्यातच ही वस्तू भेटीची, म्हणजे निवड करणारा एक आणि उपभोगणारा दुसरा. जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली दाखवून दिले की, भेट घेणाऱ्याच्या लेखी भेटवस्तूचे मूल्य तिच्यावर झालेल्या खर्चाहून बहुधा कमीच असते. पेटीत तर ही तूट प्रत्येक नगागणिक वाढण्याचा संभव.

आपल्या करपद्धतीने यात आणखी एक पेच टाकला आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. मात्र 2017 च्या कायद्यानुसार एरवी सुट्या विकल्या जाणाऱ्या वस्तू एकाच किमतीला एकत्र विकल्यास तो ‘मिश्र पुरवठा’ ठरतो आणि त्यातील सर्वांत चढ्या दराच्या वस्तूचा कर साऱ्या संचाला लागतो. मिठाई, चॉकलेट, सुकामेवा आणि वायुमिश्रित पेये यांची पेटी हे उदाहरण तर कायद्यातच दिले आहे. म्हणजे करमुक्त पुस्तक पेयाच्या शेजारी बसले की त्यालाही पेयाचा कर भरावा लागतो! ज्ञानाला दिलेली सवलत वेष्टनात गुंडाळली जाते ती अशी.

तेव्हा अशा पेट्यांवर बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही. सणासुदीला खाऊबरोबर पुस्तक देण्यात वावगे काहीच नाही. दिवाळी अंक आणि फराळ यांचे नाते आपल्याला परके नाही. पण ते दोन्ही वेगवेगळे घेतले जातात आणि दोहोंची किंमत आपल्याला ठाऊक असते. पेटीच्या विक्रेत्यांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. पुस्तक कोणते ते सांगावे, त्याची किंमत पावतीवर स्वतंत्र दाखवावी आणि ते सुटेही विकावे. ग्राहकाने एक साधा हिशेब करावा: पेटीच्या पैशांत किती पुस्तके येतील, किंवा गावच्या वाचनालयाची वर्गणी किती महिने भरता येईल? चॉकलेट एका संध्याकाळी संपते. पुस्तक दहा हातांतून फिरते, आणि दहाव्या वाचकालाही खुनी शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही.