गोड वगळले, तळण राहिले

दीपावलीचे मंगल पर्व उंबरठ्याशी येऊन ठेपले की आमच्या कशेळीत घरोघर भाजणीचा आणि तळणीचा खमंग वास दरवळू लागतो. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात. अशा वेळी घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांपुढे ताट कसे मांडले जाते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. सूनबाई मोठ्या काळजीने लाडू आणि करंजी काढून घेते, मोकळ्या जागी दोन चकल्या आणि मूठभर चिवडा अधिक ठेवते आणि म्हणते, “आबा, तुमच्या ताटात गोड काही ठेवलेलं नाही. निर्धास्त घ्या.”

तिच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या ‘निर्धास्त’ या शब्दाला.

साखरेचा दोष उघड आहे. लाडू खाल्ला की तासाभरात रक्तातील साखर चढते आणि बोटाच्या टोकावरचा थेंब ती चुगली करतो. तेलातुपाचे तसे नाही. त्यांचे काम शांतपणे, दिवसामागून दिवस आणि मुख्यतः स्नायूंच्या आत चालते. म्हणून त्यांच्यावर आळ येत नाही. (चकलीच्या भाजणीचीही पोटात शेवटी साखरच होते, हे तर आपण सोयीस्करपणे विसरतो.)

जेवणानंतर रक्तात साखर आली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. हे इन्शुलिन पेशींच्या दारावर थाप देते, दार उघडते आणि साखर आत घेतली जाते. या हाकेला ओ देऊन साखर उचलणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटेकरी म्हणजे आपले हातापायांचे, पाठीचे, मांड्यांचे स्नायू. आता स्नायूंच्या पेशींत थोडाफार मेद असतोच. तो त्यांचा शिधा आहे. परंतु जळतो त्याहून अधिक मेद रोज येत राहिला, की त्यापासून तयार होणारी काही द्रव्ये पेशीच्या आत साचतात आणि इन्शुलिनचा निरोप दारापासून पुढे जाऊ देत नाहीत. थाप पडते, पण कडी निघत नाही. साखर रक्तातच फिरत राहते, स्वादुपिंड आणखी जोराने थापा मारते आणि कालांतराने थकते. मधुमेहाचा जो प्रकार प्रौढ वयात आढळतो, त्याची वाट बहुधा याच दारावरून जाते.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या शिरेतून मेद देऊन त्यांच्या स्नायूंत काय घडते ते चुंबकीय यंत्राने पाहिले. १९९६ साली ते प्रसिद्ध झाले. इन्शुलिन पुरेसे असूनही सुमारे साडेतीन तासांनंतर शरीराची साखर उचलण्याची गती उतरू लागली आणि सहा तासांअखेर ती निम्म्याहूनही खाली आली. शिरेतून दिलेला मेद आणि ताटातली चकली एक नव्हे, हे आम्ही जाणतो. एका दिवसाच्या फराळाने कोणाला मधुमेह जडत नाही. परंतु स्नायूंचे कान बधिर करण्याचे सामर्थ्य मेदात आहे, एवढे त्या प्रयोगाने निःसंशय दाखविले.

“आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही,” असे उत्तर येथे हमखास मिळते. त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण देतो. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण अंगातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के निघाला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी असली तरी त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने कमी नसतो, उणे पडतात ते स्नायू, हेही याज्ञिकांनीच दाखविले. म्हणजे साखर ठेवायची कोठी आमची जन्मतःच लहान. तिच्या दाराशी तेल साचू देणे आम्हांला इतरांहून महाग पडणार.

मग आमचे आजोबा-पणजोबा हाच फराळ खात होते, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर गावातच आहे. खाडीपूल ओलांडून भिवंडीकडे निघालेल्या प्रवाशाला आज जुन्या आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा दिसतात. त्या जमिनीवर पूर्वी भातखाचरे होती. लावणीला कंबर वाकवायची, कापणी-झोडणीला खांदे भरून यायचे, घरी आल्यावर बायकांना जाते आणि उखळ चुकत नसे. दिवाळीच्या भाजणीचे पीठसुद्धा दंडाच्या बळावर पडे. तेल मोजून आणलेले, आणि कढई चढायची ती सणालाच. त्या स्नायूंत गेलेला मेद मुक्कामाला राहतच नसे. अलीकडच्या संशोधनातही एक नवल आढळले आहे: नित्य दौड करणाऱ्या खेळाडूंच्या स्नायूंत मेद भरपूर असतो, तरी त्यांचे इन्शुलिन उत्तम चालते, कारण तो मेद रोज येतो आणि रोज जळतो. आज गोदामाच्या दाराशी मालमोटारीतून पोती उतरविणारा माथाडी एवढाच काय तो त्या परंपरेचा वारस उरला. आत खुर्चीवर बसून चलने लिहिणारा आमचा मुलगा मात्र चकली बारा महिने खातो, कारण ती आता बारा महिने पुडीत मिळते.

आमच्या पूर्वसूरींना हे ठाऊक नव्हते असे समजू नये. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना दही-दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची नावे येतात. पण त्यांच्याही आधी, अगदी पहिले नाव आहे ते सुखाने बसून राहण्याचे. गीतेने सात्त्विक आहाराच्या लक्षणांत स्निग्धता गणली हे खरे. तिनेच आहाराबरोबर विहारही युक्त असावा असे सांगितले, ते आपण वाचतो आणि पुढचे पान उलटतो.

कोणते तेल चांगले, हा वाद आम्ही येथे फार वाढवीत नाही. तूप, वनस्पती यांसारखा थिजणारा मेद इन्शुलिनच्या कामात अधिक आड येतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, १६२ निरोगी माणसांवर तीन महिने केलेल्या एका परदेशी प्रयोगात दिसले. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की ज्यांच्या आहारात एकूणच मेद फार होता, त्यांना तेल बदलून काही लाभ झाला नाही. महागड्या तेलाचा डबा आणून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. उपवासाचेही तेच. दिवाळीनंतर प्रबोधिनी एकादशी येते आणि साबुदाणा, दाण्याचे कूट, तूप यांनी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करते. अर्थात ज्यांना मधुमेहाचे औषध चालू आहे, त्यांनी खरा उपवासही डॉक्टरांना विचारूनच करावा.

फराळ बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि इच्छाही नाही. नैवेद्याला पाच करंज्या लागतात, पाच डबे नव्हे. आबांच्या ताटात लाडू अर्धा असावा, चकली एकच असावी, शेजारी पेरूच्या फोडी आणि मोडाच्या मुगाची वाटी असावी, आणि ताट उचलल्यावर आबांनी चपला घालाव्यात. स्नायू हलला की इन्शुलिनच्या थापेवाचूनही त्याचे दार थोडे उघडते. चालण्याएवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही घरात एक नेम केला. काल्हेरच्या नातलगांकडे फराळ धाडायचा तो गाडीवरून नव्हे, पायी जाऊन पोहोचवायचा. घरातील थोर मंडळी नातवंडांना घेऊन निघाली, रस्त्यावरच्या मालमोटारींना चुकवीत वेळेवर पोहोचली आणि तिसऱ्या प्रहरी परतही आली. येताना तिकडच्या घरचे भरलेले ताट हाती होते, ही गोष्ट वेगळी. त्यातील शंकरपाळे मुलांनी वाटेतच संपविले. चकल्या मात्र आबांनी स्वतःहून शेजारच्या माथाडी पोरांना देऊन टाकल्या.