आबासाहेबांच्या एसटीप्रवासापलीकडचे राजकारण

संपादक महोदय,


भाई गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांची पुण्यतिथी ३० जुलैला येते आणि दर वर्षी वर्तमानपत्रांत त्याच दोन गोष्टी छापून येतात. एक, ते सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. दुसरी, आमदार असूनही ते एसटीने फिरत. दोन्ही खऱ्या आहेत. पण तेवढ्यावरच थांबल्याने आबासाहेबांचे राजकारण लोकांच्या विस्मरणात चालले आहे, ही माझी तक्रार आहे आणि ती आपल्या दैनिकाबद्दलही आहे.

आधी विक्रमाचे बोलू. तमिळनाडूचे करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी तेरा-तेरा वेळा निवडून आले. नुसता आकडाच मोजायचा तर आबासाहेब त्यांच्या मागे राहतात. मला त्यांच्या विजयांइतकेच त्यांचे दोन पराभव मोलाचे वाटतात. १९६२ आणि १९६७ ला निवडून दिलेल्या माणसाला सांगोल्याने १९७२ ला घरी बसवले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत बोलावले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पाडले, १९९९ ला पुन्हा विधानसभेत पाठवले. ‘जातीच्या मतांवर निवडून येत’ असे सहज बोलून जाणाऱ्यांनी हे निकाल एकदा समोर ठेवावेत. जातीची बेरीज दोन-चार वर्षांत बदलत नसते. या तालुक्याने आपल्या आमदाराकडून हिशेब घेतला आणि आमदाराने तो दिला.

साधेपणाची स्तुती सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांना परवडते, कारण ती करून कोणालाच स्वतःचा कारभार बदलावा लागत नाही. मात्र त्यांनी विधानसभेत काय मागितले, कोणत्या खात्याला कोंडीत पकडले, हे सांगायला लागलो की आजच्या आमदारांनाही तेच प्रश्न विचारावे लागतील. म्हणून मला एसटीपेक्षा पाण्याविषयी लिहायचे आहे.

सांगोला तालुका नकाशावर पाहिला की त्याचे दुखणे कळते. नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो. फलटण, माळशिरस करत आमच्याकडे येतो तेव्हा त्याचे शेपूट उरलेले असते. टेंभू उपसा योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलतात, तिथेही आम्ही शेवटी. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी मिरज, कवठेमहांकाळ, जतकडून येणार, पुन्हा आम्ही टेलला. तीन योजना आणि तिन्हींच्या टोकाला एकच तालुका! वरच्या दारांवर कोणी दोन दिवस जास्त पाणी घेतले की आमच्या चाऱ्या कोरड्या. अशा तालुक्याच्या आमदाराला भाषणबाजी करून भागत नाही. त्याला पाण्याचे आवर्तन कधी सुटले, किती क्युसेकने सुटले, टेलला किती पोचले हे तोंडपाठ असावे लागते आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत वरच्या तालुक्यांच्या वजनदार मंत्र्यांसमोर ते मांडावे लागते. आबासाहेब जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर बसले. मंत्रिपद मिळाले ते १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात, दोन्ही वेळा थोड्याच काळासाठी. म्हणजे त्यांच्या हाती होते ते तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना आणि रस्त्यावरची माणसे.

रस्त्यावरच्या माणसांची गोष्ट तर आपण पार विसरलो आहोत. १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. नागनाथअण्णा, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव एका व्यासपीठावर बसत. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्याचा जो वाटा महाराष्ट्राला दिला होता, तो २००० सालापर्यंत अडवून वापरात आणायचा होता, आणि धरणे तर अर्धवट पडलेली. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ ला निघाले त्यामागे या मुदतीची घाई होती. पण त्या पाण्यात दुष्काळी तालुक्यांचाही हक्क आहे, हे सरकारला सतत ऐकवले ते या परिषदेने. इथे श्रेय एकट्या आबासाहेबांचे नाही. तसे म्हटलेले त्यांनाही पटले नसते.

पाणी आले तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला, वीजबिलाचा. टप्प्याटप्प्याने उचललेल्या पाण्याचे बिल शेतकऱ्याने किती भरायचे? थकबाकी साचली की पंप बंद. पुढे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के लाभधारकाने असे ठरले. पाणी मागणीचा सात नंबर अर्ज भरताना, पाटकऱ्याकडे हेलपाटे घालताना शेतकऱ्याला ज्या हिशेबाची गरज असते तो हिशेब कळणारा आमदार हवा. तो पायी आला की गाडीतून, याने डाळिंबाच्या झाडाला काही फरक पडत नाही.

डाळिंबाचे नाव काढले म्हणून सांगतो. १९९० ला रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि आमच्या मुरमाड माळावर हमीच्या मजुरीतून खड्डे खोदले गेले. ज्या रानात बाजरीही धड उभी राहत नव्हती तिथे ठिबकच्या नळ्या पसरल्या. उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन झाडे जगवली, तेल्या रोग आला तेव्हा बागा उपटल्या, पुन्हा लावल्या. शेतीबाहेरच्या रोजगाराचेही तसेच. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात आबासाहेबांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभारली आणि नीट चालवली. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्यांपैकी कितींना टाळे लागले, हे आपले वार्ताहर माझ्यापेक्षा जास्त जाणतात. ती गिरणी कशी टिकली, यावर आपल्या अंकात एखादा लेख यायला हवा.

त्यांच्यावर टीकाच करू नये असे माझे म्हणणे नाही. पन्नास वर्षे आमदार राहूनही पाणी इतक्या उशिरा का आले, हा तरुणांचा प्रश्न रास्त आहे. एक अख्खी पिढी पोटासाठी परमुलखात गेली, ती परत आली नाही. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष तालुक्याबाहेर झिजत गेला आणि पुढची फळी घराबाहेर उभी राहिली नाही. २०१९ ला त्यांच्या एका नातवाने निवडणूक लढवली आणि ७६८ मतांनी गमावली. २०२४ ला दुसऱ्या नातवाने तीच जागा जिंकली. घराणेशाहीला आयुष्यभर विरोध करणाऱ्या पक्षाला नवा कार्यकर्ता का सापडला नाही, हे विचारलेच पाहिजे. पण असे प्रश्न तेव्हाच विचारता येतात, जेव्हा आपण त्या माणसाकडे राजकारणी म्हणून पाहतो. त्यांना संत करून टाकले की त्यांचे यश आणि अपयश दोन्ही तपासायचे राहून जाते.

तेव्हा माझी आपल्याला एक विनंती आहे. त्यांचे प्रश्न आणि भाषणे विधिमंडळाच्या कार्यवाहीच्या खंडांत आहेत. येत्या पुण्यतिथीला जुने छायाचित्र आणि एसटीची आठवण बाजूला ठेवून त्यातले पाणी आणि रोजगार हमीवरचे निवडक प्रश्न, त्यांना मंत्र्यांनी दिलेल्या उत्तरांसकट छापावेत. शेजारी आजच्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात याच विषयांवर विचारलेले प्रश्नही द्यावेत. सांगोल्याचे द्यावेत, तसेच आटपाडी, जत आणि मंगळवेढ्याचेही.

आपला,
एक डाळिंब बागायतदार
सांगोला, जि. सोलापूर