तिकडे किती वाजले?

तुमच्या घरातलं कुणी परदेशात असेल, तर हा प्रश्न तुमच्याकडे दिवसातून एकदा तरी विचारला जात असेल. आमच्या इंदूरच्या घरी तो आजी विचारते. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. आजी सातपासूनच तयार. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, मोबाइल चार्जिंगवरून काढून मांडीवर.

मागच्या नोव्हेंबरातला पहिला रविवार. साडेसात वाजले, पावणेआठ झाले, कॉल नाही. मी ताईला फोन लावला, रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. आठ वाजता आजीनं विचारलं, "कुठे गाडीने जाणार होते का गं ते?" सव्वाआठला ती देवापुढे जाऊन बसली. बाबांनी बीपीची गोळी हातात दिली, तर ती म्हणाली, "आधी तिचा आवाज ऐकू दे."

साडेआठला फोन वाजला. ताई मजेत, मांडीवर भाचा. "अगं, रात्री घड्याळ मागे गेलं ना आमचं. सांगायचंच विसरले. बाळ झोपलं होतं म्हणून फोन सायलेंटवर होता." तिच्या घड्याळात बरोबर सकाळचे दहा वाजले होते. नेहमीच्याच वेळेला तिनं फोन केला होता. आजी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली स्क्रीनकडे. मग गोळी घेतली.

तुम्ही म्हणाल, एक तासाचा तर प्रश्न. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला तो एक तास केवढा असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता हे घड्याळ पुढेमागे करण्याचं काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगते. विषुववृत्तापासून लांबच्या देशांत उन्हाळ्याचा दिवस फार मोठा आणि हिवाळ्याचा फार लहान असतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरचा आठ तासांपेक्षाही कमी. आपल्या इंदूर-नागपूरकडे हा फरक तीन तासांच्या आतच राहतो. लंडनला घड्याळ पुढे केलं नाही, तर जूनमध्ये पहाटे पावणेचारलाच सूर्य उगवेल आणि सगळे झोपेत असताना तो उजेड फुकट जाईल. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचं, म्हणजे सकाळचा उजेड संध्याकाळी वापरता येतो. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये ही कल्पना मांडली. ते पोस्टात नोकरी करायचे आणि किडे गोळा करण्याचा त्यांना छंद होता. कामानंतर संध्याकाळी उजेड हवा, हे त्यांचं साधं दुखणं. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये त्यासाठी पुस्तिका काढली, पण ते १९१५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी आधी जर्मनीने आणि मग ब्रिटनने घड्याळं पुढे केली.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. आजीचा जन्म १९४३ चा. मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मी एक तास लहान की मोठी?" यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खरा गोंधळ होतो तो दिशेचा. घड्याळ 'पुढे' गेलं म्हटलं, की आपल्याला वाटतं फोन आता उशिरा येणार. होतं उलट. अमेरिका आपल्या मागे आहे. मार्चमध्ये तिचं घड्याळ एक तास पुढे सरकतं, म्हणजे ती आपल्या एक तास जवळ येते आणि फोन आपल्याकडे एक तास लवकर येतो. नोव्हेंबरमध्ये ती परत लांब जाते, फोन उशिरा येतो. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियाला हेच साडेबारा आणि साडेतेरा. लंडनला साडेचार आणि साडेपाच.

ऑस्ट्रेलियात मुलगा असेल, तर हा हिशेब उलटा करा. सिडनी आपल्या पुढे आहे, त्यामुळे तिथलं घड्याळ पुढे गेलं की ते आपल्यापासून आणखी लांब पळतं. साडेचार तासांचे साडेपाच होतात. शिवाय तिथला उन्हाळा ऑक्टोबर ते एप्रिल. आणि सिडनीतली मुलगी ब्रिस्बेनला राहायला गेली, तर तिचं घड्याळ बदलतच नाही, कारण क्वीन्सलँड राज्य हा प्रकार पाळत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई पाळत नाहीत. दुबई, सिंगापूरवाल्यांना तर काहीच काळजी नाही. एकानं दीड तास मागे, दुसऱ्यानं अडीच तास पुढे, बारा महिने तेच.

बरं, सगळे एकाच दिवशी बदलतात म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, ब्रिटन-युरोपात मार्चचा शेवटचा. मधले दोन-तीन आठवडे तिकडचेच लोक एकमेकांच्या मीटिंग चुकवत असतात. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या.

या मार्चच्या बदलात माझाही बळी गेला आहे. मी घरून कंटेंट लिहिते. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम महिनाभर चाचणीवर मिळालं होतं. दर सोमवारी मीटिंग, मेलमध्ये लिहिलेलं: सकाळी ९, ईएसटी. म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. तीन सोमवार व्यवस्थित गेले. चौथ्या सोमवारी मी पाच मिनिटं आधीच लॅपटॉप उघडून, केस नीट करून बसले. समोर कुणीच नाही. त्यांच्या घड्याळात दहाला पाच कमी होती आणि मीटिंग कधीच संपली होती. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा सभ्य मेल आला आणि काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. घरी आठवडाभर मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या पगारात आईला काय घ्यायचं, ते ठरवून बसले होते.

गंमत अशी, की 'ईएसटी' या अक्षरांचा खरा अर्थ हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यातली वेळ 'ईडीटी'. म्हणजे लिहिलेलं शब्दशः धरलं, तर मीच वेळेवर होते! पण तिकडे लोक वर्षभर सवयीनं ईएसटीच लिहितात, आणि त्यांच्या मनात असतं ते फक्त 'आमच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ'. वाद घालून उपयोग नव्हता. तेव्हापासून मी कुठलीही वेळ ठरवताना शहराचं नाव विचारते. कॅलेंडरमध्ये 'न्यूयॉर्क' निवडून वेळ टाकली, की बदल फोन स्वतः करतो. तुमच्या घरी मुलाचा परदेशी कंपनीत ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा. विशेषतः मार्चमध्ये.

फोनवर तरी पूर्ण विसंबावं का? २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनमध्ये काय झालं ऐका. रमजान चालू होता, म्हणून सरकारनं ऐनवेळी घड्याळ पुढे करणं जवळपास महिनाभर लांबणीवर टाकलं. मारोनाइट चर्चनं ते मानलं नाही, काही वाहिन्यांनीही नाही. एकाच देशात दोन वेळा सुरू झाल्या आणि लोकांना कळेना, की मोबाइल कुणाचं ऐकतोय. काही दिवसांतच सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. युरोपच्या संसदेनंही २०१९ मध्ये हा प्रकार बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, पण घड्याळं अजून फिरतातच.

आपण हसायला नको. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, इतर देशाच्या ३९ मिनिटं मागे. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर 'बागान टाइम' असतो, एक तास पुढे. तिकडे सूर्य लवकर उगवतो, मग मजुरांनी आपल्या घड्याळाची वाट का बघावी?

आता घरातल्या दोन गोष्टी, ज्या कॅलेंडर अ‍ॅप सांगत नाही. पहिली संकष्टीची. ताई सुरुवातीला इथल्या कॅलेंडरातला चंद्रोदय बघून, त्यातून साडेदहा तास वजा करून बसायची. दुपारपूर्वीच उपवास सुटायची वेळ यायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं! चंद्र प्रत्येक गावी आपल्या वेळेला उगवतो. न्यू जर्सीचा चंद्रोदय न्यू जर्सीचाच बघावा लागतो, आणि पंचांगात उन्हाळ्याचा तास धरलाय की नाही, हेही तपासावं लागतं.

दुसरी पत्रिकेची. भाचा ऑगस्टमध्ये झाला. आजीनं जन्मवेळ कागदावर लिहून आमच्या गुरुजींकडे पाठवली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही वेळ तिकडच्या उन्हाळी घड्याळाची का?" तशी असेल तर एक तास वजा करून गणित मांडायचं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे एका तासात ती सरकू शकते. माझा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही, पण मांडायचीच तर आकडेमोड तरी बरोबर हवी. अमेरिकेत २०१६ च्या नोव्हेंबरात, घड्याळ मागे गेलं त्या रात्री जुळी मुलं झाली. मोठा १ वाजून ३९ मिनिटांनी, आणि अर्ध्या तासानं झालेला धाकटा १ वाजून १० मिनिटांनी. कागदावर धाकटाच मोठा.

मी आजीच्या पत्रिकेतही युद्धाचा तास शोधायला गेले होते. ती जुनी पत्रिका पत्र्याच्या पेटीत मिळाली. त्यात घड्याळाची वेळच नाही. सूर्योदयापासून इतक्या घटका, इतकी पळे, एवढंच. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि सुरुवात गावातल्या सूर्यापासून. सरकारनं घड्याळ कितीही फिरवलं, तरी त्या नोंदीला काही फरक पडत नव्हता.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारनंतर बाबांनी हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, ताईच्या वेळेचं. खाली पट्टीवर तिचं नाव. ते साधं, सेलवरचं आहे, आपोआप बदलत नाही. आजीनं मुद्दाम तसंच आणायला सांगितलं. आता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'पूनमचं घड्याळ पुढे. फोन साडेसातला.' आदल्या रात्रीच ती मला स्टूल आणायला लावते.