गुरू शोधताय? आधी सोपाऱ्याच्या बाहियाची गोष्ट ऐका



गेल्या पावसाळ्यात नालासोपारा पूर्वेच्या आमच्या अभ्यासवर्गात बी.ए.ला असलेल्या एका मुलीने प्रश्न विचारला. "दादा, मला सांख्य आणि उपनिषदं नीट शिकायची आहेत, ध्यानही करायचं आहे. विश्वास ठेवावा असा कुणी शिक्षक सांगाल का?" वर्गात शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ काका चिडून म्हणाले, "बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी?" मुलगी खाली मान घालून बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही.

आमच्या मते त्या दिवशी चूक मुलीची नव्हती, आमची होती.

प्रतिज्ञांनी आपल्याला देवदेवतांची पूजा नाकारायला शिकवले. वाचायला, समजून घ्यायला कुठे मनाई केली? खुद्द बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ गौतमाने आलार कालामांकडे सांख्य तत्त्वज्ञान व ध्यान शिकल्याचे, पुढे उद्दक रामपुत्तांकडे गेल्याचे सविस्तर लिहिले आहे. तो शिकला, त्याने तपासले, अपुरे वाटले तेव्हा गुरूचा मान राखून निघून गेला. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे स्वतःच्या हिमतीवर त्यांनी संस्कृत आत्मसात केले आणि त्याच ग्रंथांची चिकित्सा केली. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्यांनी शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. ज्या दारावर शतकानुशतके पहारा होता ते दार आज नालासोपाऱ्याच्या चाळीतली मुलगी ठोठावते आहे, आणि आतून कडी लावायला आपणच धावतो! याला काय म्हणावे?

पण तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग अवघड आहे. विश्वास ठेवावा असा शिक्षक ओळखायचा कसा?

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका 'ध्यानगुरूं'चे शिबीर आमच्या भागात झाले. गृहस्थ आपल्यातलेच. सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फलकावर आमच्या मंडळाचेही नाव होते. शिबिरातल्या एका ताईंना मानसिक आजारासाठी गोळ्या चालू होत्या. गुरूंनी सांगितले, "ध्यान पक्कं झालं की गोळ्यांची गरज नाही." ताईंनी गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांत झोप गेली, घरातली माणसे ओळखू येईनात, भावाने रात्री रिक्षात घालून दवाखाना गाठला. आम्ही गुरूंना जाब विचारला तेव्हा उत्तर आले, "त्यांची श्रद्धा कमी पडली."

तोच माणूस भगवी कफनी घालून आला असता तर आम्ही पहिल्या दिवशी त्याला शंभर प्रश्न विचारले असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हेच आमचेही झाले. आसाराम 2018 मध्ये, राम रहीम 2017 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरले, त्यावर आपण भरपूर लिहिले. लिहायलाच हवे. पण तपासणीची सवय आपल्या अंगणात येताना चपला काढून बाहेर का ठेवतो?

आता आपल्याच गावची एक गोष्ट. खुद्दकनिकायातील 'उदान' या पाली ग्रंथात बाहिय दारुचिरिय नावाचा तपस्वी आहे. तो राहायचा सुप्पारकात, म्हणजे आपल्या आजच्या सोपाऱ्यात, समुद्राकाठी. लोक त्याला पूज्य मानत. अन्न, वस्त्र, औषध सगळे आणून देत. एक दिवस त्याच्या मनात आले, जगात जे कुणी अर्हत आहेत त्यांपैकी मीही एक आहे काय? कथेत एक देवता येऊन सांगते, तू अर्हत नाहीस आणि तिकडे जाणारी वाटही तुला ठाऊक नाही. आम्ही त्या देवतेला माणसाच्या आतला विवेक म्हणतो. बाहियाने ते ऐकले, सगळा मानमरातब तिथेच सोडला आणि बुद्धांना विचारायला थेट श्रावस्तीची वाट धरली.

या गोष्टीत आम्हाला दोन धडे दिसतात. पहिला, सोपाऱ्याच्या लोकांची गर्दी हा बाहियाच्या ज्ञानाचा पुरावा नव्हता. सगळे गाव पाया पडत होते आणि सगळे गाव चुकत होते. दुसरा, "मला अजून कळलेले नाही" असे म्हणता येणारा माणूस दुर्मिळ असतो. शिक्षक शोधायचा तर हे वाक्य ज्याच्या तोंडून कधी ऐकू येते त्याच्याकडे जा.

बुद्धांनी तर स्वतःलाही सूट दिली नाही. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की तथागताचे वागणे डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका, काही मळ दिसतो का ते तपासा आणि मगच श्रद्धा ठेवा. अन्यत्र ते म्हणतात की माणसाचे शील सहवासातून आणि बऱ्याच काळाने कळते, प्रज्ञा चर्चेतून कळते. एका शिबिरात, एका व्हिडिओत कळत नाही. शेवटच्या दिवसांत त्यांनी आनंदाला सांगितले की आपण शिकवताना मुठीत काही झाकून ठेवलेले नाही. 'गुप्त मंत्र', 'वरची दीक्षा', 'खास शिष्यांसाठी वेगळे शुल्क' असे कुणी म्हणू लागला की ही झाकलेली मूठ आठवावी.

त्या मुलीला आज आम्ही काय सांगू?

ताई, तत्त्वज्ञानाचा शिक्षक आणि ध्यानाचा शिक्षक यांची गल्लत करू नकोस. सांख्य, वेदान्त शिकायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. मुंबई विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले. परंपरा आतून शिकलेल्या या माणसाने 'हिंदुधर्माची समीक्षा' लिहिली. आपल्याच परंपरेचे दोष छापून सांगू शकतो, त्याच्याकडून शिकायला हरकत नाही. सोबत बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' ठेव.

ध्यानासाठी जाशील तिथे मात्र आधी विचार. पैसे किती आणि हिशेब कोण पाहतो? बायकांची राहण्याची सोय वेगळी आहे का, गुरू एकटीला खोलीत बोलावतात का? आडनाव ऐकून वागणूक बदलते का? चालू औषधांबद्दल काय सांगतात? मध्येच सोडून गेले तर शाप, पाप, अपशकुनाची भीती घालतात का? इगतपुरीच्या विपश्यना केंद्राबद्दल आपल्या चळवळीत मतभेद आहेत. डोळे मिटून बसल्याने जात जात नाही, हा आक्षेप आम्हालाही पटतो. तरी तिथे शिबिराचे शुल्क घेत नाहीत आणि ही साधना औषधोपचाराला पर्याय नाही असे नियमावलीतच लिहिलेले असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आमच्या त्या गुरूंनी एवढे केले असते तर एक घर त्या रात्रीतून गेले नसते.

आणि फसवणूक झालीच तर गप्प बसू नकोस. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अंगी दैवी शक्ती असल्याचे भासवून फसवणारा, लैंगिक शोषण करणारा गुरू त्याच्या कक्षेत येतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आपल्या परिसरात अशोकाच्या दोन शिलालेखांचे तुकडे सापडले. 1882 मध्ये सोपाऱ्याला आठव्या लेखाचा, 1956 मध्ये भुईगावला नवव्याचा. आठव्या लेखात राजा शिकारीच्या सहली सोडून श्रमण-ब्राह्मणांना भेटायला, खेड्यातल्या लोकांशी धम्माबद्दल बोलायला निघतो. नवव्यात तो सांगतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात नाना निरर्थक विधी करतात. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, जिवांविषयी संयम. गुरूचा आदर त्यात आहे. पण दास-नोकरांशी कसे वागता, हा प्रश्न त्याच यादीत आहे.

म्हणून कुठल्याही गुरूच्या आश्रमात गेलात की आधी तिथे झाडू मारणाऱ्या मावशीशी बोला. तिला पगार वेळेवर मिळतो का, जेवायला कुठे बसवतात, ते विचारा. अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

त्या मुलीला आम्ही निरोप पाठवला आहे. येत्या रविवारी वर्गात सांख्याचा पहिला पाठ आहे, आणि काकाही येणार आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!